विचारल्याशिवाय कॉर्ड काढायची नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. दोन किलो. जानेवारीत दिल्लीत मटाराचे ढीग लागतात आणि बायका वेड्या होतात. हे माझं मत, मंदाचं नाही. ती वर्षभराचा मटार फ्रीझरमध्ये भरायची आणि मग वर्षभर माझ्या आइसक्रीमला जागा नसायची. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती हॉलमध्ये खाली पेपर पसरून सोलत होती आणि मी खुर्चीत बसून सोलत होतो. म्हणजे चार दाणे परातीत, दोन तोंडात.

"अहो, परातीत टाका. बकरीसारखं काय चाललंय?"

कोपऱ्यात माझं सिंथेसायझरचं मशीन चालू होतं. एका सिनेमाच्या शेवटच्या सीनसाठी मी त्यातून आवाज काढत होतो. सीन असा, की यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत भाजी लावणारी एक म्हातारी बांधावर बसून पाण्याकडे बघते. चार मिनिटं. बोलत नाही, रडत नाही, उठत नाही. सिनेमा काढणारी पोरगी इरा, मयूर विहारला राहते, ती मला म्हणाली होती, "अंकल, यहाँ म्यूज़िक नहीं चाहिए, पर कुछ चाहिए." सिनेमावाले असली वाक्यं दिवसातून चार वेळा बोलतात. आठ दिवस मी त्या 'कुछ'च्या मागे होतो.

मंदानं आठही दिवस ऐकून घेतलं. नवव्या दिवशी म्हणाली, "ती बिचारी निवांत बसलीय आणि तुम्ही तिच्या मागे पिठाची गिरणी लावलीय."

"तुला यातलं काय कळतं?" मी म्हणालो. हे वाक्य मी लग्नानंतर किती वेळा म्हटलं ते विचारू नका.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, "आई गं" करत. गाऊनला हात पुसला आणि मशीनपाशी गेली. आमच्या घरात एक नियम होता. माझ्या कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही. तिनं तो इतकी वर्षं पाळला होता, मशीनवरची धूळसुद्धा मीच पुसायचो, म्हणजे पुसायचो नाही. त्या दिवशी तिनं मधलं मोठं गोल बटण धरलं. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नजर मागे परातीवर, कारण मी एकटा सापडलो की खातो हे तिला माहीत. बटण डावीकडे फिरवलं, जरासं परत आणलं आणि सोडून दिलं.

गिरणी बंद झाली. उरलं ते कसं सांगू? शेजारच्या खोलीत कुणीतरी आहे, बोलत नाही, पण आहे, हे आपल्याला न बघता कळतं ना, तसं.

"आता ठेवा असंच," ती म्हणाली आणि परत खाली बसली.

मी इराला फोन लावला. "मिल गया. कल आओ, रेकॉर्ड कर लो." कुणाला मिळालं ते सांगितलं नाही. मशीनचा स्विच बंद केला, कॉर्डी, म्हणजे जोडायच्या वायरी, होत्या तिथंच लावलेल्या राहू दिल्या आणि उरलेला मटार सोलायला बसलो. थोडा जास्तच सोलला. बक्षीस म्हणून.

इतकंच. याहून भारी काही केलं असतं तर ते सांगितलं असतं.

आमच्या मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, ते सिंथेसायझरचं लिहा. म्हातारपणी सिनेमाला म्युझिक देता, तरुण मुलांना सुरुवात कशी करायची ते कळेल." मी आठवी पास, तीही दुसऱ्या झटक्यात. सा रे ग म मला सरळ येतं, उलटं येत नाही. बाईंनी माझं शुद्धलेखन सुधारावं, बाकी काही सुधारू नये.

मी जालन्याकडचा. फौजेत टेलिफोन ऑपरेटर होतो. आता मोबाइलवाल्यांना हे समजावणं म्हणजे कठीण आहे, तरी ऐका. एक लाकडी बोर्ड, त्यावर ओळीनं भोकं. एक भोक म्हणजे एक टेलिफोन. पलीकडे कुणी फोनचं हँडल फिरवलं की त्याच्या भोकावरचं छोटं झाकण खट्‌कन खाली पडायचं. त्यात कॉर्ड खुपसायची, विचारायचं कोण पाहिजे, आणि दुसरं टोक त्या माणसाच्या भोकात. झालं, दोन माणसं जोडली. बोलणं संपलं की कॉर्ड काढायची.

पण काढायच्या आधी एक नियम. मध्ये शिरून विचारायचं, "वर्किंग?" म्हणजे चालू आहे का. आतून कुणी "वर्किंग" म्हणालं तर गुपचूप बाहेर पडायचं. तीनदा विचारून उत्तर आलं नाही तरच कॉर्डीला हात लावायचा. ड्युटी संपताना सगळ्या कॉर्डी काढून जागेवर ठेवायच्या आणि डायरीत लिहायचं: बोर्ड क्लिअर, वेळ, सही. माझी इतर काही अक्कल नव्हती, पण माझा बोर्ड क्लिअर असायचा.

तो नियम मी एकदा मोडला. डोंगरातली पोस्ट होती, थंडी अशी की कॉर्डीसुद्धा ताठ व्हायच्या. एका हवालदाराला मेजरसाहेबांच्या मेहेरबानीनं घरी बोलायला लाइन मिळाली होती. त्याच्या गावात एकाच दुकानात फोन. बायकोला तिथं बोलावून ठेवलेलं. मी जोडून दिलं. थोड्या वेळानं कानाला लावलं तर दोन्हीकडून काही नाही. नुसती लाइनची सळसळ. मला वाटलं झालं बोलून. न विचारता कॉर्ड काढली.

हवालदार आत आला. मी उठून उभा राहिलो, म्हटलं आता कानाखाली बसते. त्यानं हात उचलला नाही. एवढंच म्हणाला, "वो चुप थी. गई नहीं थी."

दुकानात चार माणसं उभी, त्यांच्यापुढे ती काय बोलणार! नुसती फोन धरून उभी होती. आणि हाही इकडे तसाच. परत लाइन लागायला महिना गेला. मला सात दिवस बॅरेकबाहेर जायला बंदी झाली, ते काही वाटलं नाही. पण त्या दिवसानंतर मी मेलेल्या लाइनलासुद्धा तीनदा विचारायचो. जोडीदार हसायचे.

रिटायर होऊन आम्ही द्वारकेला स्थायिक झालो आणि पालमच्या बाजूला मी दुरुस्तीचं दुकान टाकलं. अँप्लिफायर, माइक, मिक्सर, कीबोर्ड. दिल्लीत माणसं कमी आणि लाउडस्पीकर जास्त, त्यामुळे काम भरपूर. नजफगढचा एक डीजे मिक्सर घेऊन आला. "अंकल, पानी गिर गया है." उघडलं तर आतून वरातीचा वास. मी म्हटलं, "बेटा, हे पाणी कोणाच्या मामानं पाडलं?" तो म्हणाला, "दूल्हे के." ठीक आहे, खरं बोलणाऱ्याचं काम मी आधी करतो.

जागरणवाले तर खासच. देवीच्या जागरणात रात्रभर गाणारी पार्टी. त्यांचा मुख्य गवय्या म्हणायचा, "एको इतना दो कि माता रानी तक जाए." मी दिला. इतका दिला, की तो दुसऱ्या ओळीवर गेला तरी पहिली ओळ परत येत होती. त्याला वाटलं मागे कुणी दुसरा गातोय, त्यानं वळून शिवी दिली आणि शिवीही चार वेळा परत आली. ते बुकिंग त्याचं गेलं. माझं गिऱ्हाईक मात्र गेलं नाही, पुढच्या महिन्यात म्हणाला, "थोड़ा कम."

मशीनची ओळख झाली ती नोएडाच्या एका म्युझिक डायरेक्टरमुळे. नाव सांगत नाही, भला माणूस आहे. बाहेरच्या देशातून त्यानं कपाटाएवढं मॉड्युलर सिंथेसायझर मागवलं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. "अंकल, तीन इंजीनियर देख गए." तीन इंजिनियर बघून गेले म्हणजे बिघाड साधा असतो. मागून उघडलं. एका डब्याची करंट देणारी पट्टी उलटी लावलेली. पट्टीच्या एका कडेला लाल रेघ असते, ती कुठल्या बाजूला असावी ते डब्यावर छापलेलं असतं. छापलेलं कोण वाचतो! सरळ केली, एक भाग बदलला. आवाज आला. आता तो बंदच होईना. साहेब खोलीभर पळतायत, "बंद करो, अंकल, बंद करो!" त्यांनी आवाज काढणाऱ्या डब्याची कॉर्ड थेट स्पीकरला लावली होती. मध्ये तोटीच नाही. टाकीचा पाइप सरळ बादलीत सोडल्यावर दुसरं काय होणार?

तर हे मशीन काय आहे ते बाहेरच्या माणसासाठी सांगतो. पेटीमध्ये, हार्मोनियममध्ये, भाता, सूर, पट्ट्या सगळं कारागिरानं आधीच जोडून दिलेलं असतं. यात कुणी काही जोडलेलं नसतं. सुटे डबे आणि भोकं. एक डबा कच्चा आवाज काढतो, डासासारखा, ऐकवत नाही. दुसरा चाळणी, ती आवाजातला खरखरीत भाग अडवते. तिसरा तोटी, आवाज सोडायची आणि बंद करायची. चौथा डबा स्वतः गप्प असतो, पण दुसऱ्या डब्यांची बटणं हळूहळू फिरवतो, न दिसणाऱ्या हातानं. कोणाला कशाशी जोडायचं ते तुमच्यावर. कॉर्ड घ्या आणि खुपसा.

साहेब त्यात सूर शोधत होते. मी बघितलं आणि म्हटलं, "साहब, ये तो एक्सचेंज है." स्टुलावर बसलो आणि दहा कॉर्डी लावल्या. ते म्हणाले, "आपको कैसे पता?" मला कुठलं पता! हातांना पता होतं. मी फक्त बसलो होतो.

पुढे साहेब मुंबईला गेले, सगळं काम कॉम्प्युटरवर करायला लागले आणि जाताना छोटा भाग माझ्याकडे ठेवून गेले. "आपके पास खुश रहेगा." मंदा म्हणाली, "सोफ्याची जागा गेली." ती खरंच गेली.

या मशीनची दोन दुखणी आहेत, ती नव्या माणसानं आधी समजून घ्यावी. एक, त्याला काही आठवत नाही. कॉर्डी काढल्या की आवाज गेला. उद्या त्याच कॉर्डी त्याच भोकात लावा, बटणं तिथल्या तिथे आणा, तरी जुळा भाऊ येतो, तो स्वतः येत नाही. दुसरं, त्याला हवामान लागतं. जानेवारीत लावलेला सूर एप्रिलमध्ये हललेला असतो. मशीन गरम व्हायला अर्धा तास द्यायचा, मग बोलायचं.

आणि सल्ला मागितलाच आहे तर घ्या. तीन डबे आणि सहा कॉर्डी वर्षभर पुरतात, कपाट भरू नका. मागची पट्टी लावताना प्लग काढा. सिनेमात माणसं आधीच बोलत असतात, तुम्ही त्यांच्यावर बोलू नका. निम्मं काम गप्प बसण्याचं आहे. हे मी कुठं शिकलो नाही. इरा पहिल्यांदा घरी आली ती दुकानात दुरुस्तीला दिलेलं तिचं रेकॉर्डिंगचं यंत्र न्यायला. मशीन गुरगुरत होतं, ती तासभर तिथंच बसली आणि म्हणाली, "अंकल, मेरी फिल्म में बजाओगे?" लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसावर वीस मिनिटांची फिल्म. मी इतका आवाज दिला, की माणसापेक्षा लिफ्टच जास्त दुःखी वाटायला लागली. मंदानं ते बघून विचारलं, "लिफ्टचं कोण गेलंय?" मी चिडलो, आणि अर्ध्या कॉर्डी काढल्या. फिल्म बरी झाली.

तेव्हापासून हीच पद्धत. मी आवाज लावायचा, मंदा चहा घेऊन बसायची. "छान आहे" म्हणाली तर भंगार. काही न बोलता हातातलं काम थांबलं तर ठेवायचं. इराच्या पाच-सहा फिल्मा झाल्या, एकही थेटरात लागली नाही. बक्षिसं मिळतात, ती इराच्या आईच्या फ्रिजवर ओळीनं मांडलेली आहेत. नावं येतात तेव्हा संगीत म्हणून एकट्या माझं नाव. मंदाचं द्यावं हे मला सुचलं नाही. इराला सुचायचा प्रश्न नव्हता, तिला मी सांगितलंच नव्हतं.

मटाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा म्हणाली, हात जड झालाय. हॉस्पिटलमध्ये नेली. तिसऱ्या दिवशी गेली. यावर मी जास्त लिहिणार नाही, मला येत नाही.

स्मशानातून घरी आलो तर हॉलमध्ये माणसं. शेजारचे, मंडळातले, मुलगी वर्षा आणि जावई गुडगावहून आलेले. खाली सतरंजी घालायची होती. कुणीतरी म्हणालं, "या वायरी पायात येतील, काका." मी काही विचार केला नाही. हात पुढे गेले. सोळा कॉर्डी, एका मिनिटात काढल्या, सरळ केल्या, खिळ्याला टांगल्या. सगळी बटणं शून्यावर आणली आणि मशीन भिंतीला सरकवलं. इतकी वर्षं ड्युटी संपताना जे केलं तेच. बोर्ड क्लिअर. फक्त विचारलं नाही.

तेराव्यानंतर इरा आली. बिचारी सिनेमाचं नावच काढेना. मीच म्हटलं, "चल, ऐक." स्विच टाकला. मशीन गप्प. भोकं माझ्याकडे बघतायत. तेव्हा मला कळलं मी काय केलंय. पहिल्यांदा आठवला तो हवालदार.

इरा म्हणाली, "अंकल, रहने दो. कुछ भी रख देंगे, लोग रो देंगे."

"लोगों को रुलाना नहीं है," मी ओरडलो. "तू जा अभी." ती गेली नाही, स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. वाईट चहा.

कॉर्डींची अडचण नव्हती. कुठली कुठून कुठे, कुठलं बटण कितीवर, रोजची नोंद मी डायरीत करतो, जुनी खोड. दहा मिनिटांत सोळाच्या सोळा लावल्या. अडचण एका बटणाची होती. चाळणीचं ते मोठं बटण मंदानं फिरवलं होतं आणि तिनं केलेलं मी नोंदीत घेतलंच नव्हतं. दोन केसांइतका फरक आणि एकीकडे गिरणी, दुसरीकडे काही नाही. मी खडूनं खुणा केल्या. एक ते चाळीस. रोज सकाळी मशीन गरम करायचं आणि एक-एक खूण ऐकायची. फेब्रुवारी गेला. मार्च गेला. इराची फिल्म एप्रिलअखेर पाठवायची होती आणि ती रोज फोन करून विचारायची, "खाना खाया?" दुसरं काही नाही. मला कळायचं ती काय विचारतेय.

चाळीसही खुणांवर आवाज चांगला होता. छान होता. म्हणजे भंगार.

मध्ये माझी दुसरी लढाई गॅसशी चालू होती. दूध. मंदा असताना आमच्या घरात दूध उतू गेल्याचं मला आठवत नाही. ती गेल्यावर रोज. शेगडीच्या बटणावरच्या खुणा घासून गेलेल्या, बारीक किती ते कळत नाही. मी समोर उभा राहून पहारा द्यायचो आणि डोकं खाजवायला वळलो की फस्स. वर्षा रविवारी यायची, शेगडी बघायची आणि म्हणायची, "बाबा, इंडक्शन घेऊ या."

एप्रिलमधल्या एका रविवारी ती आली. दूध ठेवलं. फोन खांद्यात धरून नवऱ्याशी भांडत होती, पार्किंगवरून. मी दारात उभा होतो. तिनं शेगडीकडे न बघता बटण धरलं, डावीकडे नेलं, ज्योतीचा आवाज जवळजवळ गेला, आणि मग जरासं परत. हात काढला. भांडण चालूच.

"फोन ठेव," मी म्हणालो.

"बाबा, एक मिनिट."

"ठेव गं तो! हे तुला कुणी शिकवलं?"

"काय?"

"बटण."

तिनं शेगडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं म्हातारा गेला कामातून. "आईनं. खुणा कुठं आहेत त्याला! आवाज जातोय असं वाटलं की जरा परत आणायचं. त्यात काय?"

मी तीन महिने जागा शोधत होतो. जागा नव्हतीच. मंदानं बटण बघितलं नव्हतं, कारण बघायचं नव्हतंच, ऐकायचं होतं. माझ्या त्या महागड्या मशीनला तिनं दुधाच्या पातेल्याखालची शेगडी समजून बारीक केलं होतं. आणि मी खडू घेऊन बसलो होतो.

वर्षाला हॉलमध्ये आणलं. मशीन गरम होईपर्यंत ती घड्याळ बघत होती. बटण मी गिरणीवर नेलं. तिला म्हटलं, "तिकडे बघ, खिडकीकडे. आणि हे बारीक कर."

"बाबा, मला यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच तुला बोलावलंय."

"कशासारखं करू?"

"दूध ठेवलंय असं समज."

तिनं तोंड वाकडं केलं. खिडकीकडे बघितलं. बटण डावीकडे नेलं, गिरणी लांब लांब गेली, संपली असं वाटलं, आणि मग जरासं परत.

आम्ही दोघं उभे. वर्षा म्हणाली, "हा तर फ्रिजचा आवाज आहे." मग काही म्हणाली नाही. हातातला फोन वाजत होता, तिनं तो उचलला नाही. थोड्या वेळानं ती सोफ्यावर बसायला गेली आणि सोफा नाही हे लक्षात येऊन खालीच बसली. जिथं मटार सोलले होते तिथं.

तोच आवाज होता का? छातीवर हात ठेवून सांगणार नाही. जानेवारीची थंडी नव्हती, बाहेर ऊन पडलेलं, सूर हललेलेच असणार. पण शेजारच्या खोलीत कुणीतरी होतं.

इरा दुपारी मेट्रोनं यंत्र घेऊन धावत आली. चार मिनिटांचा सीन, तिनं वीस मिनिटं रेकॉर्ड केलं. हेडफोन काढून तिनं मला विचारलं, "अंकल, यही था?"

"बिल्कुल यही," मी म्हणालो. आणि सांगितलं, की नावं येतील तेव्हा संगीतात पहिलं नाव मंदाचं टाक. तिनं विचारलं नाही का. लिहून घेतलं.

संध्याकाळी वर्षा गेली, इरा गेली. रेकॉर्ड झालं म्हणजे आता कॉर्डी काढायला हरकत नव्हती. मी काढल्या नाहीत. जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. दूध तापवलं, बारीक गॅसवर. उतू गेलं नाही. मशीनचा स्विच टाकला आणि अर्धा तास गरम होऊ दिलं. चहा घेऊन स्टूल ओढून समोर बसलो, फौजेत बसायचो तसा, पाठ सरळ. आवाज होता.

"वर्किंग?" मी विचारलं.

बाल्कनीखालून भाजीवाला ओरडला, "खीरा, ककड़ी!" त्याला उत्तर धरत नाहीत.

"वर्किंग?"

यावेळी मी घाई केली नाही. गप्प असणं म्हणजे जाणं नाही, हे मला एकदा शिकवलेलं आहे. चहा निवला, साय आली. ती मी बोटानं काढून खाल्ली, ज्यावर मला बोलणी बसायची. कुणी बोललं नाही.

"वर्किंग?"

मग एक-एक कॉर्ड काढली. सोळा. सरळ करून खिळ्याला टांगली. मधल्या बटणाला हात लावला नाही, ते जिथं आहे तिथंच आहे. डायरी घेतली आणि लिहिलं: बोर्ड क्लिअर. सकाळी सात दहा. तीनदा विचारून काढलं. खाली सही केली.